रेघ शून्यातून ओढली, दिल्या

सोलापूर,
रविवार, रात्री

प्रिय दिल्या,

आठ महिने पत्र नाही की फोन नाही, आणि आता लिहितोय तेही चूक कबूल करायला. हसशील. हस. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर काठावर. झालं प्रकृतीचं.

समुद्रामुळे जमीन सतत थरथरते, त्या आवाजावरून खडकातल्या लाटांचा वेग काढताना उशिराच्या आलेखावर रेघ शून्यातून ओढायची नव्हती. तू तीन वर्षं तेच सांगत होतास. अण्णांच्या टपरीवर त्यावरून वाजलं तेव्हा मी कप आपटून उठलो होतो. फुटक्या कपाचे पैसे तू दिलेस. अजून वसूल केले नाहीस, म्हणून तर जास्त टोचतं.

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखीचा खुला डेटा घेऊन बसलो होतो. दोनच कंपनमापक स्टेशनं, पाचेक किलोमीटर अंतर. उद्रेकाआधी पाच दिवसांत वेग 0.18 टक्क्यांनी हळूहळू घसरलेला, सुरेख उतार. 2008 मध्ये ब्रेंगिये या संशोधकाने आणि मंडळींनी याच डोंगरावर उद्रेकाआधीची जी घसरण दाखवली, ती हजारात एखादा भाग, कधी त्याहूनही कमी. माझी जवळजवळ दुप्पट! शंका यायला हवी होती, मला आनंद झाला. सुन्याच्या मुलीला आलेख दिला, तिने तो प्रोजेक्टमध्ये लावला, आणि शुक्रवारी तिची तोंडी परीक्षा आहे. आता कळलं का झोप का उडाली?

काय झालं ते नीट सांगतो. डेटा 20 हर्ट्झवर उतरवलेला, म्हणजे सेकंदाला वीस नोंदी, एक सँपल 0.05 सेकंदाचं. फाइली जोडणाऱ्या माझ्या स्क्रिप्टने सुरुवातीची वेळ जवळच्या सँपलला नेऊन बसवली. एका स्टेशनच्या फाइली आधी अर्ध्या सँपलच्या किंचित अलीकडे सुरू होत होत्या, एका तारखेपासून किंचित पलीकडे, त्या पुढच्या घरात गेल्या. इतकंच. बाकी सगळं तुझ्याच पद्धतीने: सरासरी आणि कल काढला, 0.1 ते 0.9 हर्ट्झचा फिल्टर, अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे, दिवसाला 48, व्हायटनिंग (सगळ्या वारंवारता सारख्या करणं), वन-बिट (नोंदीचं फक्त अधिक-उणे चिन्ह ठेवणं), मग क्रॉस-कोरिलेशन (दोन स्टेशनांच्या नोंदी एकमेकींवर सरकवून जुळवणं), शून्याच्या दोन्हीकडे साठ-साठ सेकंद. दिवसाचा स्टॅक, म्हणजे तुकड्यांची सरासरी, त्यावर पाच दिवसांचा फिरता स्टॅक, आणि सगळ्या काळाची सरासरी हा संदर्भ.

पण मी त्या आलेखाची फक्त उजवी बाजू मोजली, कारण ती स्वच्छ होती. त्या बाजूने समुद्र जास्त बोलतो, डावी बाजू गढूळ. 10 ते 40 सेकंदांच्या शेपटीत, म्हणजे सरळ लाटेनंतर विखरून येणाऱ्या लाटांत, संदर्भापेक्षा किती उशीर ते मोजलं आणि रेघ शून्यातून ओढली. आता तूच बघ: सगळीकडे सारखाच 0.05 सेकंद उशीर. रेघ मोकळी सोडली असती तर उतार शून्य आला असता आणि उशीर छेदात, म्हणजे रेघ उभ्या अक्षाला छेदते तिथे, पडला असता. शून्यातून ओढली की तोच उशीर उतारात जातो, आणि हिशेब बरोब्बर 0.18 टक्क्यांवर येतो. कागदावर तीनदा केला. खडकाचा वेग नव्हे, सँपलचं एक घर!

उतार हळूहळू का दिसला, तेही सोपं आहे. चूक एका दिवसात पायरीसारखी आली. फिरत्या स्टॅकमध्ये पहिल्या दिवशी पाचातला एक दिवस बिघडलेला, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्या दिवशी पाचही. पायरीचा घाट झाला, आणि घाट बघून आपण म्हणतो डोंगर फुगतोय, भेगा उघडतायत.

चादरीचं उदाहरण तू दिलं होतंस तेव्हा मी चेष्टा केली होती. आज तेच खरं वाटतंय. सोलापुरी चादर धुऊन आटली की दोन्ही काठ आत येतात, नुसती सरकली तर एक काठ पलंगाबाहेर लोंबतो आणि दुसऱ्या बाजूला गादी उघडी पडते. वेग कमी झाला तर आलेखाची उजवी बाजू उजवीकडे, डावी डावीकडे, दोन्ही शून्यापासून लांब. घड्याळ चुकलं तर दोन्ही बाजू एकाच दिशेला. डावी बाजू गढूळ असली तरी तिने एवढं नक्की सांगितलं असतं.

आता मला प्रत्येक घसरणीवर संशय येतो, आणि हाच खरा वैताग आहे. घड्याळ नसेल तर पाऊस. रियुनियनवर 2007 च्या फेब्रुवारीत एका वादळात 72 तासांत 3929 मिलिमीटर पडला होता, सोलापूरची पाच-सहा वर्षांची बेगमी. खडकात पाणी वाढलं की वेग उतरतो. इंडोनेशियातल्या मेरापी ज्वालामुखीवर 2006 मध्ये नेमकं भूजलाचंच चढउतार पकडलं होतं. पाऊस नसेल तर आवाजाचा उगम बदललेला. आपल्या गल्लीत सेन्सर ठेवलास तर मागाचे मिनिटाला शंभर-सव्वाशे फटके, म्हणजे दोन हर्ट्झ. लाइट गेली की गायब. खालचा खडक तोच, बदलला तो माग. ज्वालामुखीचा ट्रेमर, म्हणजे सलग थरथर, हा तसाच माग आहे, सुरू झाला की आलेख वाकतो. वन-बिट आवाज चढू देत नाही, पण आवाज कुठून येतो ते त्याला कुठे कळतं? म्हणून सरळ येणारी लाट सोडून शेपटीच मोजायची. माझी सरळ लाट पाच सेकंदांत उरकते, दहापासून धरलं ते बरोबर होतं. एवढं श्रेय दे की बे.

आणि सगळीकडे एकच दिशा असते असंही नाही. हवाईच्या किलावेआ ज्वालामुखीवर डोंगर फुगला की वेग वाढतो, उलटा. म्हणजे “घसरण दिसली, उद्रेक येणार” हे वाक्य पोरीच्या प्रोजेक्टमधून काढायलाच हवं. दुरुस्त केल्यावर स्टेशनांच्या या जोडीवर जे उरलं, ते मोजमापातल्या अनिश्चिततेच्या आतच आहे. एका जोडीवर बोलायचंच नव्हतं. गंमत म्हणजे, आपल्या पायाखालचा काळा दगड खोलातून वर येणाऱ्या गरम खडकाच्या ज्या झऱ्याने सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी ओतला असं मानतात, तोच आज रियुनियनखाली आहे. घरच्याच माणसाने फसवलं म्हण!

दोन्ही बाजूंवरून, रेघ मोकळी सोडून काढणारी तुझी ती जुनी स्क्रिप्ट गुरुवारपर्यंत पाठव. मी शुक्रवारी सकाळी सुन्याकडे जाऊन आलेख बदलतो. तिला सांगायचं काय, ते तू सुचव, तुला जमतं.

घराचा स्लॅब पडला का? चिनूची यंदा दहावी ना? वहिनींना नमस्कार. गड्ड्याच्या यात्रेला ये, कपाचे पैसे तेव्हा घे.

तुझा,
बंड्या

ता.क. फिरता स्टॅक मागच्याच पाच दिवसांचा आहे, मध्यावर धरलेला नाही. मध्यावर असता तर उद्रेकानंतरचा डेटा आधीच्या दिवसांत शिरला असता. हे मात्र दोनदा तपासलं.