तो स्क्रीनशॉट काढला कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत डेटिंग अ‍ॅप आणि हुकअपवर (म्हणजे कसलीही बांधिलकी न ठेवता येणारे शरीरसंबंध) लेख आला होता तो वाचला. सगळा रोख मुलींवरच, मुली किती बदलल्या, मुलींना आता कशाचं काही वाटत नाही वगैरे. मी मराठी ख्रिस्ती आहे, पुण्यात आमच्या चर्चच्या तरुण संघाचं काम बरीच वर्षं बघते, म्हणून आधी आमच्याच घरातलं सांगते.

मागच्या वर्षी आमच्या क्वायरमधल्या, म्हणजे चर्चच्या गायनाच्या गटातल्या, एका मुलीच्या डेटिंग अ‍ॅपवरच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये फिरला. साधा कुर्ता घातलेला फोटो, खाली एक ओळ, "सध्या सिरीयस काही नको". बस एवढंच. दोन दिवसात तिच्या आईला फोन सुरू झाले, तिला सांगितलं थोडे दिवस क्वायरमध्ये उभी राहू नकोस, एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं तेही मोडलं. पुढच्या रविवारी तिची आई गायनाची वही पिशवीत घालून परत द्यायला आली, वहीला तिनेच घातलेलं ब्राऊन पेपरचं कव्हर होतं, आणि माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवून गेली.

आता मला सांगा, तो स्क्रीनशॉट आला कुठून? त्या अ‍ॅपवर स्वतःची प्रोफाइल बनवल्याशिवाय दुसऱ्याची दिसतच नाही, म्हणजे काढणारा तिथे होताच ना! तो आमच्यातलाच मुलगा, दर रविवारी उपासनेत गिटार वाजवतो. मी विषय काढला तर एक वडीलधारे म्हणाले, "ताई, मुलगा आहे, वयच तसं असतं, लग्न झालं की येईल लाइनीवर."

गैरसमज नको. हुकअप मला मान्य नाही, ना मुलीचं ना मुलाचं. "शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे" हे बायबलमधलं वचन मी मनापासून मानते. पण ते वचन आमच्याकडे मुलींच्या शिबिरात स्कर्टची लांबी सांगताना काढतात आणि प्रेषित पौलाने ते आपल्या पत्रात कुठे लिहिलंय ते कोणी बघत नाही. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीतले, म्हणजे तिथल्या चर्चमधले, पुरुष वेश्येकडे जात होते, त्यांना तो झापतोय! आणि पुढच्याच अध्यायात तो लिहितो की बायकोच्या शरीरावर तिचा अधिकार नाही, नवऱ्याचा आहे, हे अर्धं वचन सगळ्यांना पाठ, पण त्याच वचनाचा दुसरा अर्धा भाग, की तसाच नवऱ्याच्या शरीरावर त्याचा अधिकार नाही, बायकोचा आहे, तो मी एकाही लग्नाच्या संदेशात ऐकला नाही.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, यहूदा आणि तामारची गोष्ट आहे. आपली विधवा सून तामार गरोदर आहे कळल्यावर यहूदा म्हणतो तिला बाहेर काढा आणि जाळा. तेव्हा ती त्याचीच मुद्रा, गोफ आणि काठी त्याच्यापुढे ठेवते, ज्याच्या या वस्तू त्याच्यापासून मी गरोदर आहे म्हणते. वेश्या समजून तो तिच्याचकडे गेला होता. पण निदान त्याने कबूल तरी केलं की माझ्यापेक्षा ही नीतिमान. आमच्याकडे तेवढंही होत नाही.

आणि हे फक्त मनातलं नाही हो, आमच्या कायद्यातच होतं. १८६९ चा घटस्फोटाचा कायदा जो आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू, त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, पण बायकोला नुसता व्यभिचार पुरायचा नाही, वर क्रूरता नाहीतर दोन वर्षं सोडून दिलं असं अजून काहीतरी दाखवावं लागायचं. ज्या इंग्रजांच्या १८५७ च्या कायद्यावरून तो घेतला त्यांनी स्वतः तो भेदभाव १९२३ मध्ये काढला. आपल्याकडे १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यावर बोट ठेवलं आणि दुरुस्ती झाली २००१ मध्ये! म्हणजे माझ्या आईची अख्खी उमर त्यात गेली.

तरुण संघातल्या मुली मला विचारतात, मुलांना चालतं तर आम्हाला का नाही. मी त्यांना सांगते, मुलांनाही चालत नाही. मग त्या विचारतात, मग त्यांना कोण बोलतं? तिथे माझी बोलती बंद होते, कारण खरंच कोणी बोलत नाही. एकीने तर रडत सांगितलं, ज्या मुलाला ती 'कॅज्युअल' म्हणून भेटत होती त्यानेच नंतर मित्रांना सांगितलं की असली मुलगी लग्नाला नको.

पास्टोरेट कमिटीला, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीला, मी लेखी दिलंय की एकतर तिला गाण्यापासून आणि त्याला गिटारपासून, दोघांना थांबवा आणि दोघांशी पाळकसाहेबांनी बसून प्रेमाने बोलावं, नाहीतर तिला क्वायरमध्ये परत घ्या. चार महिने झाले, उत्तर नाही. अर्जाची एक कॉपी मी त्या मुलीच्या आईलाही नेऊन दिली आहे.

आपली,
एक वाचक, पुणे