कोल्हापूरच्या अनोळखी वाटाड्यांचे आभार

मिसळीवर सगळा कट, म्हणजे तिखट रस्सा, एकदम ओतू नका, थोडा थोडा घ्या, नाहीतर फरसाणाचा लगदा होतो, असं शेजारच्या टेबलावरून सांगणाऱ्या काकांचे आभार. (पाव नाही, स्लाइसच मागायचा, हेही त्यांचंच.) गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेलं दूध फेस बसायच्या आत प्यायला लावणाऱ्या गवळीदादांचेही. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध शेवटी, मंद आचेवर घालायचं. खळखळून उकळलं की फाटतं, हे उघड करणाऱ्या खानावळीतल्या मावशींचे मात्र दोनदा. तांबडा आधी ओरपला तर पांढरा जिभेला कळतच नाही! रंकाळा तलावावर सूर्यास्ताआधी अर्धा तास पोचा, भेळ तिथंच संपवा, चुरमुरे सादळतात, असं बजावणारे रिक्षावाले मामा, तुम्ही तर लई भारी.