कटिंग मास्तर, तुमचे आभार मानायचेत

मास्तर, तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीय, पण तुमचा पोरगा वाचून दाखवेल म्हणून इथं लिहितेय.

त्या दिवशी अशोक चौकाकडच्या तुमच्या युनिफॉर्मच्या शेडवर आम्ही माप द्यायला आलो तर लाईट गेलेली, मशिनी बंद, आणि आमची लेक कोपऱ्यात वही घेऊन रडवेली. समलंब चौकोन, म्हणजे समोरासमोरच्या बाजूंची एकच जोडी समांतर असलेला. तिचं म्हणणं, वरची बाजू आखूड, खालची लांब, मग ह्या समांतर कशा? हेच क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणले, व्याख्या पाठ कर, फाटे फोडू नको. वर्षाची फी आधी मोजून घेतात ओ, आणि पोरीनं डोकं चालवलं की ह्यांना राग!

तुम्ही काहीच बोलला नाही. तिरक्या दोन बाजूंना पट्टी लावून पुढं वाढवत नेल्या, पान संपलं तसा कापडावर मारायचा निळा खडू घेतला आणि रेघ थेट शहाबादी फरशीवर उतरवली, गुडघे दुखत असताना रांगत. टेबलाच्या पायापाशी दोन्ही रेघा भेटल्या. मग खडू तिच्या हातात दिला, "आता वरची न् खालची तू ने." ती पट्टी सरकवत सरकवत उंबऱ्यापर्यंत गेली, दोन्ही रेघांमधलं अंतर मोजलं, तेवढंच! "लांबीचा काय संबंधच नाही की!" हे ती बोलली, तुम्ही नाही. उत्तर तुम्हाला येत होतं, तरी खडू तिला दिलात, मला तेच लागलं मनाला.

पुढं तर सुटलीच ती. आयत, चौरस, समभुज चौकोन, सगळ्यांत समांतर बाजूंच्या दोन-दोन जोड्या, पतंगात आणि त्रिकोणात एकही नाही. तुम्ही मशिनचा नट दाखवलात, सहा बाजू, समोरासमोर तीन जोड्या समांतर, म्हणून पाना घट्ट बसतो, पाच सारख्या बाजूंचा नट असता तर हा पाना धरणारच नाही. हे मलापण माहीत नव्हतं, खरं सांगते.

डिग्रीवाले लई बघितले मास्तर, पण परक्याच्या लेकरासाठी फरशीवर रांगणारा माणूस क्वचित भेटतो. पोराबरोबर शेंगाचटणी पाठवलीय, पैशाचं काढू नका आणि डब्याची घाई नाही.