उपग्रहाने 'मोजले' म्हणू नका

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात देशाचा एक रंगीत नकाशा आला होता. खाली ओळ होती : 'उपग्रहाने मोजलेले जमिनीवरील अतिनील किरण'. मी एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षे सहायक होतो. 'मोजले' हा शब्द कुणी सैल हाताने वापरला की अजून चिडचिड होते, म्हणून हे पत्र.

उपग्रह मोजतो तो खालून परत वर आलेला प्रकाश. जमिनीवर किती पोचला, हा त्यावरून मांडलेला हिशेब असतो. ओझोन किती, सूर्य किती वर, यावरून आधी निरभ्र आकाशाचा आकडा काढतात आणि मग ढगांची वजावट करतात. ढग ओळखणे सोपे, कारण तो वरून पांढराशुभ्र दिसतो. गंधकाच्या संयुगांचे पांढुरके धुरकटही प्रकाश परत फेकते, त्यामुळे तेही थोडेफार ढगाच्याच खात्यात जमा होते. घोळ होतो तो काजळीचा, धुराचा आणि काही प्रमाणात धुळीचा. हे कण अतिनील किरण गिळतात. गिळलेला प्रकाश वर परत जातच नाही, मग उपग्रहाला वाटते की आकाश स्वच्छ आहे आणि सगळे ऊन खाली उतरले! वाळवंटातली धूळ उंच चढली तर उपग्रहाला ती वेगळी ओळखता येते. पण हिवाळ्यात जमिनीलगत साचून राहिलेला शहरी धूर नेमका नजरेतून सुटतो. म्हणून स्वच्छ हवेच्या ठिकाणी हिशेब बराचसा जुळतो आणि प्रदूषित शहरांत उपग्रहाचा आकडा जमिनीवरच्या यंत्रापेक्षा ३० टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त, फुगलेला निघतो.

माझ्या पुतण्याने परदेशातून हातात धरायचे एक साधे अतिनीलमापक आणून दिले आहे. स्वस्तातले आहे, त्याच्या आकड्यावर मी पैज लावणार नाही. पण एकाच आठवड्यातल्या दोन दुपारींची तुलना त्यावर करता येते. जानेवारीत इथे पुण्यात आमच्या गल्लीत सकाळी पालापाचोळा, त्यात थोडे प्लॅस्टिकही, पेटवून देण्याची रीत आहे. अशा एका दिवशी दुपारी साडेबारा वाजता गच्चीवर यंत्राने अतिनील निर्देशांक (उन्हातल्या अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा) ५ दाखवला. तीन दिवसांनी वारा सुटला, कात्रजचे डोंगर स्पष्ट दिसू लागले, त्याच वेळी ६.५. फोनवरच्या हवामानाच्या अंदाजात मात्र दोन्ही दिवशी ७. (सूनबाई म्हणाल्या, "बाबा, टोपी घाला आणि मग मोजा.")

हे शास्त्रज्ञांना ठाऊक नाही असे मुळीच नाही. २००४ साली सोडलेल्या 'ऑरा' उपग्रहावर नेदरलँड्स आणि फिनलंडने बनवलेले 'ओमी' हे उपकरण आहे. त्याच्या आकड्यांतली ही चूक जमिनीवरच्या यंत्रांशी ताडूनच पकडली गेली. त्याच्या नकाशातला एक ठिपका उपग्रहाच्या ऐन खाली १३ गुणिले २४ किलोमीटरचा, म्हणजे कात्रजचा घाट आणि मंडई एकाच ठिपक्यात येऊ शकतात. नव्या हिशेबांत कणांनी गिळलेल्या प्रकाशाचीही वजावट करतात, पण ती महिनावार सरासरीवरून. सरासरीला आमच्या गल्लीतली शेकोटी कुठून कळणार? हवेतले कण किती आणि कसे, हे जमिनीवरून पाहणारे 'एरोनेट' जाळ्यातले यंत्र आपल्या पाषाणला आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संशोधन संस्थेत आहे. अशी यंत्रे देशात फार थोडी.

कुणी म्हणेल, आकडा जास्त दाखवला तर बिघडले काय, लोक जपून राहतील. मे महिन्यात सूर्य पुण्याच्या डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, तेव्हा हे मी मान्य करीन. पण अंगाला ऊन लागून ड जीवनसत्त्व मिळावे म्हणून बाळाला कोवळ्या नव्हे, चांगल्या उन्हात घेऊन बसणाऱ्या आईला तोच आकडा फसवतो. दिल्लीत ९ ते २४ महिन्यांच्या मुलांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली होती. धुराने कोंदलेल्या मोरी गेट भागातल्या मुलांच्या रक्तात ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे सरासरी १२.४ नॅनोग्रॅम, तर त्या मानाने स्वच्छ गुडगावात २७.१. मोरी गेटला जमिनीपर्यंत पोचणारे अतिनील किरणही कमीच भरले होते. आणि हा धूर म्हणजे फुकटचे सनस्क्रीन असे समजू नये. तो फुफ्फुसातही जातोच.

आपल्याकडे मागणे लहानसे आहे. हवामानाच्या चौकटीत अतिनील निर्देशांक छापता, त्यापुढे 'अंदाज' किंवा 'मोजलेला' यांपैकी एक शब्द छापा. मोजलेला असेल तर यंत्र कोणत्या गावी आहे तेही. शेजारीच हवेच्या गुणवत्तेचा आकडा असतो. दोन्ही आकडे एकत्र वाचावेत, एवढी एक ओळ हिवाळ्यात टाकता आली तर उत्तम. जागा नसेल तर राशिभविष्यातून दोन ओळी कमी करा, माझी तक्रार नाही.

आपला नियमित वाचक,
निवृत्त प्रयोगशाळा सहायक, धनकवडी, पुणे