चार्जर आहे हो, पण बंद आहे : परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. श्री. प्रताप सरनाईक,
परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या शोरूममधून आपण टेस्लाने देशात विकलेली पहिली गाडी घेतलीत, ती बातमी मी कराडच्या स्टँडसमोर चहा पिता पिता वाचली. गाडी नातवासाठी घेतली असं आपण सांगितलंत, ते आवडलं. म्हणजे आता तुम्ही-आम्ही एकाच पंगतीतले, हिरव्या नंबरप्लेटचे, विजेवरच्या गाडीवाले. माझी गाडी २०२१ सालची, देशी, ३०.२ किलोवॉट-तासांच्या, म्हणजे तेवढ्याच युनिटांच्या, बॅटरीची. ओळखणारे ओळखतील. पंगत एकच असली तरी ताटात फरक आहे, आणि हे पत्र त्या फरकाबद्दल आहे.

गाडीबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पहिला परिच्छेद वाचूनच कुणीतरी म्हणेल, "बघा, आम्ही सांगत होतो, डिझेलच बरी." काटा ७८ हजार किलोमीटरवर आहे. इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, क्लच नाही. ब्रेकचे पॅड अजून मूळचेच आहेत, कारण पाय उचलला की मोटरच गाडी आवरते. टायर मात्र लवकर गेले. वजन जास्त आणि सुरुवातीची ओढ दांडगी, त्यामुळे ३८ हजारांवर चारही बदलावे लागले. एकदा सकाळी गाडी जागची हलेना. खालची तीनशे व्होल्टची मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली आणि बॉनेटखालची बारा व्होल्टची छोटी बॅटरी मेलेली! घरात धान्याची कणगी भरलेली आणि किल्ली हरवलेली, तशातली गत. पेठेतल्या बॅटरीवाल्याने अर्ध्या तासात नवी बसवून दिली. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलकडे बोट दाखवून तो म्हणाला, "त्याला सोडून काय पण सांगा."

खर्चाचं म्हणाल तर माझ्या चुलतभावाकडे पेट्रोलवरची तशीच गाडी आहे. त्याला किलोमीटरला सात रुपये पडतात. मला घरी चार्ज केल्यावर दोन-सव्वादोन. तेही घरगुती दराच्या १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्या चढून. घराची दीडशे युनिटं आणि गाडीची दोनशेवर, म्हणजे गाडीचा बराच भाग वरच्या महाग पायरीवर मोजला जातो. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला पंचवीसच्या आसपास घेतात, त्यावर गाडी साडेतीन-चार रुपये किलोमीटरने पळते. गाडी विकत घेताना जीएसटी ५ टक्के आणि बाहेर चार्ज करायच्या सेवेवर १८ टक्के, हे गणित मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण तो विषय जीएसटी परिषदेचा, आपल्या टेबलावरचा नव्हे. सोडून देतो.

एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावते, हाही असाच विषय. कागदावर ३१२ किलोमीटर, माझ्या हातात दोनशे, पावसाळ्यात एसी लावून त्याहून थोडी कमी. कागदावरचा आकडा ज्या ठराविक चाचणीतून येतो तिचं इंग्रजी लघुरूप एमआयडीसी आहे. आमच्याकडे एमआयडीसी म्हटलं की शेड, भोंगा आणि तीन पाळ्या. या एमआयडीसीत मात्र घाट नाही, खड्डे नाहीत आणि मागच्या सीटवर गावाकडून आणलेलं तांदळाचं पोतंही नाही. घेणाऱ्याने आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करून हिशेब करावा. मी आता सगळ्यांना हेच सांगतो.

खरं दुखणं पुढे आहे.

गेल्या गणपतीत आम्ही गुहागरला बहिणीकडे गेलो. कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. कराडहून शंभर टक्क्यांवर निघालो, घाटाच्या अलीकडे हेळवाकला ७१ टक्के होते आणि घाट उतरल्यावर ७३. उतारावर गाडी स्वतःच स्वतःला चार्ज करते, हे ठाऊक असूनही दर वेळी मला लॉटरी लागल्यासारखं होतं. गुहागरला पोचलो तेव्हा ३७ उरले. तिथे दोन दिवस वादळी पाऊस, वीज आली-गेली आणि बहिणीच्या घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर म्हणावं तसं चार्जिंग झालंच नाही. ठरवलं, परतताना चिपळूणला तासभर थांबू, फास्ट चार्जरवर भरून घेऊ आणि रात्री घाट चढू.

चिपळूणला शिरलो तेव्हा १२ टक्के होते. रात्रीचे साडेआठ. अ‍ॅपमध्ये पहिला चार्जर हिरवा, म्हणजे उपलब्ध. प्रत्यक्षात पडदा काळा. पंपावरचा पोरगा म्हणाला, "मशीन आमचं नाही, कंपनीचं आहे. दोन महिने झाले." दुसऱ्या ठिकाणी चार्जर चालू होता, पण त्याच्यासमोर पेट्रोलची एक गाडी लावून मालक जेवायला गेलेले. ते तासाभराने आले, आणि मग कळलं की या यंत्राला मोबाइलचं नेटवर्क मिळत नाहीये. तिसरा सुरू झाला, चार मिनिटं चालला आणि थांबला. माझे तीनशे रुपये त्या अ‍ॅपच्या पाकिटात अडकले ते अकराव्या दिवशी परत आले. मदतक्रमांकावर एका मुलीने अतिशय नम्रपणे माझं गाऱ्हाणं हिंदीतून टिपून घेतलं. तिचा काय दोष!

शेवटी हायवेवरच्या एका खानावळीच्या मालकाने मिक्सरची पिन काढून आम्हाला सॉकेट दिलं. रात्रभर गाडी तिथे लावली. आम्ही दोघं बाकड्यावर. त्याने सकाळी दोनशे रुपये घेतले आणि ते घ्यायलाच हवे होते. बायको म्हणाली, "आपण गाडी घेतलीय की सोयरीक? जाईल तिथे कुणाच्या तरी दारात उभं राहायचं." मंत्रिमहोदय, या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे असलं तर कळवा.

आणखी एक गोष्ट त्या बाकड्यावर बसल्या बसल्या डोक्यात घोळत होती. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर पोफळी. कोयनेचं पाणी डोंगर पोखरून तिथे उतरतं. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉटचा हा वीजप्रकल्प, अर्ध्या महाराष्ट्राने ज्याच्या जिवावर कारखाने उभे केले. आणि त्याच्या अंगणात मला सत्तर किलोमीटरपुरती वीज मिळेना. वीज नव्हती असंही नाही. खानावळीत मिक्सर फिरतच होता.

आपल्या सरकारचं २०२५ चं इलेक्ट्रिक वाहन धोरण मी वाचलंय. २०३० पर्यंतचं आहे. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय, चार्जर उभारणाऱ्याला अर्थसाहाय्य, वाहनकर माफ, समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोल माफ. चांगलं आहे. टोलमाफीचा मात्र आमच्या भागाला उपयोग नाही. पुण्याला जायचं तर तासवडे, आणेवाडी आणि खेड-शिवापूर हे तीन नाके लागतात. तिन्ही राष्ट्रीय महामार्गाचे, तिन्हीकडे पूर्ण पैसे. मुंबईच्या गाडीला माफी आणि कराडच्या गाडीला पावती. हे मी रागाने लिहीत नाही. माझ्या मते टोल माफ केला नाही तरी चालेल. तेच पैसे दुसरीकडे लावा.

कुठे? तर चार्जर चालू ठेवण्यावर. सगळं साहाय्य यंत्र बसवण्यावर आहे. विजेवरच्या वाहनांसाठीच्या फेम योजनेतून केंद्राने मार्च २०२३ मध्ये तेल कंपन्यांना ८०० कोटी रुपये मंजूर केले, ७,४३२ फास्ट चार्जरसाठी. केंद्राच्याच पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी आणखी २,००० कोटी. बसवण्याचे पैसे मिळतात म्हणून यंत्रं बसतात, नारळ फुटतो, फोटो निघतो. चालू ठेवण्याचे पैसे कुणाला मिळत नाहीत, बंद ठेवल्याचा दंडही कुणाला होत नाही. पाण्याच्या टाक्यांचं आपल्याकडे हेच झालेलं आहे. गावोगावी टाकी आहे, मोटर जळालेली आहे.

चार्जर बंद का पडतात, हे मी चार वर्षांत पाहिलंय. मोठा बिघाड क्वचित. बहुतेक वेळा आत बसवलेल्या सिमला रेंज नसते. किंवा पोरंसोरं खेळता खेळता तातडीचं लाल बटण दाबून जातात आणि ते फिरवून सोडायचं असतं, हे कुणाला माहीत नसतं. कनेक्टरची खिट्टी मोडलेली असते. व्होल्टेज पडलेलं असतं किंवा अर्थिंग सुटलेलं असतं. यातल्या निम्म्या गोष्टी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पाच मिनिटांत जमतील. पण शेजारी माणूसच नसतो.

ब्रिटनने यासाठी २०२३ मध्ये नियम केले. एका कंपनीचे फास्ट चार्जर वर्षभरात सरासरी ९९ टक्के वेळ चालू असले पाहिजेत, नाहीतर दंड. चोवीस तास फुकट मदतक्रमांक आणि अ‍ॅपशिवाय कार्ड टेकवून पैसे देण्याची सोय. आपल्याला ९९ नको. ९० टक्के धरा, पण मोजा आणि ते आकडे जाहीर करा. साहाय्याची रक्कम उद्घाटनाच्या दिवशी न देता तीन वर्षांत, यंत्र जितके दिवस चाललं तितक्या हिशेबाने द्या. आणि पैसे यूपीआयने घ्यायची सक्ती करा. माझ्या फोनमध्ये या घडीला नऊ अ‍ॅप आहेत, नऊ पाकिटं, प्रत्येकात शंभर-दोनशे रुपये पडून. स्टँडवरचा वडापाववाला कागदी क्यूआर कोडवर धंदा करतो आणि लाखो रुपयांच्या यंत्राला ते जमत नाही?

चार्जरशेजारी माणूस कुठून आणायचा, याचं उत्तर मात्र आपल्याच खात्यात आहे. एसटी. राज्यात तिची अडीचशेच्या आसपास आगारं आहेत, बऱ्याच तालुक्यांत एक तरी. रात्री दोन वाजता तालुक्यात दिवा कुठे जळत असेल तर पोलीस ठाण्यात, सरकारी दवाखान्यात आणि आगारात. तिथे वाहतूक नियंत्रक असतो, मेकॅनिक असतो, स्वच्छतागृह असतं (कसं असतं ते सोडा, पण असतं), बाईमाणसाला थांबायला उजेड असतो. भाडेतत्त्वावरच्या ५,१५० विजेवरच्या बसेससाठी काही आगारांत उच्चदाब जोडण्या घ्याव्या लागणारच आहेत. फाटकाजवळच्या भिंतीला दोन यंत्रं आमच्यासाठी लावा. लाल बटण सोडायला एसटीच्या मेकॅनिकला शिकवावं लागणार नाही. तो याहून अवघड गोष्टी तारेने बांधून चालवतो. एसटीलाही चार पैसे मिळतील. आपल्या धोरणात आगारांचा उल्लेख आहे, मला तो कुंभार्लीच्या दोन्ही बाजूंना, पाटणला आणि चिपळूणला, प्रत्यक्षात दिसावा एवढीच इच्छा आहे.

जाता जाता एक छोटी गोष्ट. माझ्या गाडीला चार वर्षं झाली, पुढेमागे ती विकावी लागेल. पेट्रोलची जुनी गाडी घेणारा सायलेन्सरचा धूर बघतो, ऑइलची कांडी काढून बघतो. माझ्या गाडीत बघायची गोष्ट एकच, बॅटरीत जीव किती शिल्लक आहे, आणि तेच सांगणारा सर्वमान्य कागद नाही. कंपनीची आठ वर्षांची हमी आहे, पण एजंट म्हणतो, "बॅटरीचं काय सांगावं," आणि भावात दोन लाख पाडतो. आरटीओत गाडी नावावर करताना बॅटरीच्या प्रकृतीचा तपासलेला आकडा नोंदवायची पद्धत पाडता येईल. पुण्यात वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआयसारखी संस्था आहे, तपासणीची रीत त्यांनी ठरवून द्यावी.

माघी गणपतीला पुन्हा गुहागरला जायचंय. या वेळी चिपळूणला पंपावर न जाता थेट आगारात जाऊन नियंत्रकांना विचारणार आहे, पंधरा अँपिअरचं एखादं सॉकेट मिळेल का म्हणून. त्यांनी नियमाचं पुस्तक दाखवलं तर आपलं नाव सांगू का, तेवढं कळवावं.

आपला,
कराडचा एक हिरव्या पाटीवाला