धाप लागते त्यांनी चालायचे केव्हा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला सीओपीडीवरचा, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन कायमची धाप लागणाऱ्या फुप्फुसाच्या आजारावरचा, लेख वाचला आणि राग आजही उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे. या रुग्णांनी दगदग टाळावी, जिने चढू नयेत, होईल तेवढी विश्रांती घ्यावी, हे तुम्ही चौकटीत आणि ठळक अक्षरांत छापले आहे. असा मजकूर रुग्णाच्या आधी त्याच्या घरचे वाचतात, कापून ठेवतात आणि दुसऱ्या दिवसापासून अमलात आणतात. त्याचे काय होते ते मी भोगले आहे.

मला हा आजार आहे. मी कधीही विडी-सिगारेट ओढलेली नाही. पाटण तालुक्यातल्या आमच्या घरात स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, पावसाळ्यात सरपण ओले असायचे आणि फुंकणी आम्हा मुलींच्याच हातात. तुमच्या लेखाबरोबर चित्र मात्र विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याचे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते की, जगात तंबाखू ओढणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट माणसे चुलीच्या धुरात राहतात आणि हा धूरच या आजाराचे सर्वांत मोठे कारण असू शकतो. आमच्या जिल्ह्यातल्या किती बायकांना नुसता ‘दमा’ म्हणून वर्षानुवर्षे खोकल्याची बाटली दिली गेली असेल! फुंकून पाहायची साधी तपासणी, स्पायरोमेट्री, माझीसुद्धा फार उशिरा झाली.

तर विश्रांतीबद्दल. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी हाच सल्ला दिला होता. मुलगा आणि सून दोघेही प्रेमाचे. त्यांनी आधी मंडईची पिशवी काढून घेतली, मग गच्चीवरचे कपडे, मग देवघराची झाडलोट. “आई, तुम्ही बसा.” बसले. वर्ष सरता सरता मोरीपर्यंत जातानाही धाप लागू लागली आणि सगळ्यांनी मानले की आजार वाढला. दुसऱ्या डॉक्टरांनी मांड्या दाबून पाहिल्या आणि सांगितले, फुप्फुस गेले ते परत येणार नाही, पण तुमचे पाय का घालवलेत? न वापरलेले स्नायू दुबळे होतात आणि दुबळे स्नायू त्याच कामाला जास्त हवा मागतात. धाप लागते म्हणून बसायचे आणि बसल्यामुळे आणखी धाप लागायची, असे ते चक्र आहे.

फिजिओथेरपीच्या बाईंनी आधी दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटे चालवून किती मीटर होतात ते मोजले, बोटाला यंत्र लावून प्राणवायू पाहिला. मग काही आठवडे त्यांच्या नजरेखाली चालणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. त्यांनी सांगितले की शून्य ते दहा असे माप धरले तर धाप तीन-चारपर्यंत लागलीच पाहिजे, त्याशिवाय व्यायाम झाला असे म्हणता येत नाही. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ लावून सोडायचा, म्हणजे आत अडकलेली हवा बाहेर पडते. प्रत्येकाने आधी डॉक्टरांना विचारावे हे खरेच. पण ‘चालू का?’ असे नव्हे, ‘किती चालू?’ असे विचारावे. आज मी भाजी माझी मी आणते.

आता चालायचे कुठे? आमच्या भागातले उद्यान सकाळी दहाला बंद होते. या आजारात सकाळ सर्वांत वाईट असते. कफ सुटायला, श्वासावाटे ओढायच्या औषधाचा पंप घ्यायला, अंघोळ करून दम खायला वेळ लागतो. थंडीत धूर आणि धुके ऊन वर येईपर्यंत जमिनीलगत साचून राहते, तेव्हा बाहेर पडू नका असेच सांगतात. म्हणजे आमची वेळ सुरू होते तेव्हा फाटक बंद. गेल्या हिवाळ्यात मी बाकावर पुढे वाकून, कोपरे गुडघ्यांवर टेकून श्वास जमवत होते आणि सुरक्षारक्षक शिट्टी वाजवत होता. “आजी, उठा, कुलूप लावायचंय.” मला उत्तर देता येईना, कारण बोलायला लागणारी हवाच छातीत नव्हती. त्याचा दोष नाही, त्याला हुकूम आहे. मी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला. उत्तर आले की ती वेळ साफसफाईची आहे.

त्या साफसफाईत गोळा केलेला पालापाचोळा भिंतीपलीकडे पेटवतात! उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनीच बंदी घातली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी पाच हजार रुपये दंड ठरवला आहे. चुलीच्या धुरातून सुटलेल्या बाईने साठीनंतर हा धूर का घ्यावा? संपूर्ण उद्यान नको, फक्त चालण्याची वाट बारापर्यंत उघडी ठेवा, एवढेच मागणे आहे. हृदयाचे रुग्ण, गुडघे बदललेले, सगळ्यांनाच ती लागेल. रस्त्याकडेच्या पदपथावर चाला असे कोणी सांगू नये. तिथे दुचाक्या उभ्या असतात.

आणखी एक. त्याच पानावर, लेखाच्या खाली, दमा मुळापासून बरा करणाऱ्या चूर्णाची जाहिरात आहे. १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची ‘जे’मध्ये ज्या आजारांबाबत असा दावा करता येत नाही, त्यांत दमा आहे. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी अशाच पुडीच्या भरवशावर पंप बंद केला आणि त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. त्यांनी ती जाहिरात वर्तमानपत्रातच वाचली होती आणि वर्तमानपत्रात आले म्हणजे खरे, असे त्या आजही म्हणतात.

चौकटीतल्या सल्ल्याची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकारात छापावी. नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिन असतो, त्याची वाट पाहू नये. आणि पुढच्या वेळी चित्र चुलीपुढच्या बाईचे द्यावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(नाव छापू नये, ही विनंती.)