वस्तीची गाडी : तिसरा अर्ज

प्रति,
मा. व्यवस्थापक, प्रवासी वाहतूक

विषय : गावखडीच्या पुढची संध्याकाळची वस्तीची गाडी आणि तिचीच सकाळची पहिली फेरी

महोदय,

कोणती गाडी ते आपणास ठाऊक आहे. रत्नागिरीहून सुटून भाट्याचा पूल, पावस, पूर्णगडची खाडी करत आमच्याकडे मुक्कामाला येणारी आणि सकाळी 6.10 ला परत निघणारी. गणपतीत जादा गाड्या हव्यात म्हणून ती 'आठ दिवसांपुरती' काढलीत. चाकरमानी परत गेले, दिवाळी झाली, गाडी काही आली नाही. वस्ती नाही म्हणजे पहाटेची फेरीही नाही. आता पहिली गाडी पावणेदहाला, तीही आली तर. साडेनवाला मला मेडिकलच्या काउंटरवर उभं राहायचं असतं, आणि महिन्याचा पास तर मी आगाऊ पैसे भरून काढलेला आहे.

आज सकाळी आपल्या कार्यालयात फोन केला. चौथा. आधीचे दोन कुणी उचलले नाहीत, तिसरा उचलून बाजूला ठेवला. मागे चहाचे पेले वाजलेले मला ऐकू येत होते. आज मात्र एका गृहस्थांनी बोलायची कृपा केली.

"वस्तीची गाडी कधी सुरू करताय?"

"बंद कुठे आहे? तात्पुरती स्थगित आहे."

"अडीच महिने?"

"मॅडम, त्या रूटला भारमान नाही. गाडी भरत नाही."

"सकाळी आम्ही अकरा जण चढतो."

"अकरा माणसांत गाडी चालते का?"

मी म्हटलं, पुढे गाडी भरत जाते, पावसला तर उभं राहायला जागा नसते. यावर उत्तर आलं, "ते पावसचं भारमान. तुमचं नाही."

हे वाक्य मी कागदावर लिहून ठेवलं आहे. म्हणजे गाडी पावसला आभाळातून उतरते आणि आम्ही अकरा जण तिच्यात चोरून बसलेले असतो.

तरीही मी शांतपणे सांगितलं की सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, सिव्हिलला तपासायला न्यायचंय. तर म्हणाले, "घरात दुचाकी नाही का? हल्ली सगळ्यांकडे असते. मागे बसवून आणा." डोळ्याला पट्टी, पूर्णगडच्या पुलावरचा वारा, आणि मागे बसवून! मला दुचाकी चालवता येत नाही हेही मी त्यांना सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, जणू चूक माझीच होती. ते म्हणाले, "मग शिका." आणि फोन ठेवला.

शेवटी रिक्षा केली. जाऊन-येऊन 1100 रुपये. सासूबाईंना पंचाहत्तरीपुढचं तिकीट माफ आहे, 2022 पासून. मला 17 मार्च 2023 पासून अर्धं. शेजारची मुलगी अकरावीला आहे, तिला पास फुकट. सवलतींत काही कमी नाही हो, फक्त त्या घ्यायला गाडी लागते. त्या मुलीचे पहिले दोन तास रोज बुडतात. मंगळवारपासून तिची आई तिला वडापने पाठवते, दहा माणसांच्या जीपमध्ये पंधरावी.

भारमानाचं आता मीच सांगते, कारण तिकिटांचा हिशेब तुमच्याकडे असूनही तुम्हाला तो वाचता येत नाही असं दिसतं. पावसाळ्याआधी आमच्या तिठ्यावर अठरा-वीस माणसं असायची. मग गाडी आठवड्यातून दोनदा न सांगता रद्द व्हायला लागली. ज्यांना वेळेवर पोचायचं होतं ते वडापला गेले. उरलो अकरा. ते अकरा मोजून तुम्ही गाडी काढलीत. उद्या अकराही राहणार नाहीत, तेव्हा 'बघा, मागणीच नव्हती' असं लिहायला तुम्ही मोकळे.

दुसरं कारण सांगता की चालक-वाहकांच्या मुक्कामाची सोय नाही. देवळामागची खोली मे महिन्यात आम्ही रंगवून घेतली. पंखा आहे, मच्छरदाण्या आहेत, संडासाला कडी नवीन बसवली आहे. तुमचे वाहक सासूबाईंच्या हातची कुळथाची पिठी खाऊन झोपायचे, त्यांनाच विचारा.

आणि गणपतीपुरती म्हणाला होतात. आठ दिवस म्हणाला होतात.

मुंबईहून रत्नागिरी रेल्वेने एका रात्रीत गाठता येते. रत्नागिरीहून आमच्या गावात यायला मात्र साडेचारच्या आत कामावरून सुटावं लागतं, कारण आता शेवटची गाडी साडेचारची. माझं दुकान आठला बंद होतं. सध्या मैत्रिणीकडे आठवड्यातले तीन दिवस झोपते. पास आहे ना, पाकिटात आहे.

पंधरा दिवसांत वस्ती सुरू झाली नाही तर ग्रामसभेचा ठराव घेऊन आम्ही 26 जानेवारीला आपल्या फाटकासमोर उपोषणाला बसू. सकाळी आठला झेंडावंदनाच्या आधी यायचा विचार होता, पण पावणेदहाच्या गाडीने निघालो तर अकरा वाजतील. तेवढा वेळ धरून चाला. माझ्या पासाचे वाया गेलेले दिवस पुढच्या पासात धरावेत, हेही लेखी कळवावं. फोन करू नये.

आपली,
एक पासधारक

ता.क. : तिठ्यावरच्या शेडमध्ये तुमचं वेळापत्रक अजून चिकटवलेलं आहे. त्यात आमची गाडी रोज 6.10 ला सुटते.